कंसाआधी वजा

उजव्या गालावर बर्फाची पिशवी दाबून लेखक स्वयंपाकघरात उभा होता आणि डाव्या कानाने निर्मात्याची बोलणी खात होता. निर्माता तसा सभ्य माणूस. फारच संतापला की तो समोरच्याला 'राजा' म्हणायचा, आणि आज सकाळपासून फोनवर राजाशिवाय दुसरी भाषा नव्हती.

"राजा, तू मालिका लिहितोस की कादंबरी?"

"काय झालं?"

"काय झालं? कालचा भाग वाहिनीच्या मॅडमनी वाचला. तुझंच तुला वाचून दाखवतो, ऐक. 'दिवाणखाना. चार माणसं बसली आहेत.' इथवर ठीक. पुढे कंसात काय लिहिलंयस? 'म्हणजे घरात कोणीच नाही.' अरे, चार माणसं बसलीत आणि घरात कोणीच नाही? माणसं बसवायची की उठवायची हे विचारायला सेटवरून मला फोन आला."

"तो भाव आहे त्या घराचा," लेखक दाढ सांभाळत म्हणाला.

"तो भाव मला परवडत नाही. भाव काय ते नट बघतील, तू संवाद लिही."

या लेखकाला सेटवर कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला कंसमामा म्हणत. चहा देणाऱ्या स्पॉटवाल्यापासून सासू झालेल्या थोरल्या बाईंपर्यंत, तोंडावरसुद्धा. कारण उघड होतं. संवाद एका ओळीचा आणि त्याच्याआधीचा कंस चार ओळींचा, असा त्याच्या लिखाणाचा खाक्या होता. त्यात फार झोंबणारं काही लिहायचं असलं की कंस सुरू करण्याआधी तो एक आडवी रेघ मारायचा. ही रेघ म्हणजे श्वास, असं त्याचं म्हणणं. वाचणाऱ्याने एकदा दम घ्यावा आणि मग पुढचं वाचावं. वाचणारे कसला दम घेतात, ते कंस आला की सरळ उडी मारून पुढच्या संवादावर जायचे.

त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. रोजच्या मालिकेत संवाद लेखकाचे कधी असतात का? सासूने काय बोलायचं हे वाहिनी ठरवणार, सुनेने किती रडायचं हे जाहिराती ठरवणार. सासू सासूसारखी बोलणार, सून सुनेसारखी मुसमुसणार. लेखकाला स्वतःचं म्हणून जे काही बोलायचं असेल त्याला जागा एकच, कंसातली. तिथे तो मनसोक्त बोलायचा. टिंगल करायचा, कुरकुर करायचा, कधीकधी चक्क हळवाही व्हायचा. आणि यातलं अक्षरही प्रेक्षकांच्या कानावर जात नव्हतं. पडद्यावर त्याचं नाव यायचं, पण ते इतकं झपकन जायचं की त्याच्या आईला अजून ते एकदाही सापडलेलं नव्हतं.

"मॅडम आज सेटवर येतायत," निर्माता म्हणाला. "स्वतः बसून बघणार आहेत. त्यांचं म्हणणं एकच आहे. कागदावर कंस दिसला तर उद्यापासून लेखक दुसरा. एक नवा मुलगा त्यांच्या नजरेत आहे. तो कंसच लिहीत नाही. त्याला ते येतच नाहीत म्हणे. तेव्हा राजा, आजच्या भागातले सगळे कंस काढ आणि लगेच फाईल पाठव. नाहीतर मी तुला वाचवू शकणार नाही."

लेखकाने फोन ठेवला. दाढेने ठणका दिला. नोकरी जायची भीती होतीच. पण कंस गेले तर त्या मालिकेत आपलं म्हणून काय राहणार, या विचाराने त्याला जास्त वाईट वाटलं. त्या बाबतीत तो भाबडाच होता.

जेवणाच्या टेबलावर त्याची बायको उत्तरपत्रिकांचा ढीग घेऊन बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याची मालिका बघायची नाही. रडारड मला शाळेतच पुरून उरते, असं ती म्हणायची.

"हे बघ," तिने लाल पेन एका पेपरवर आपटलं. "कंसाआधी वजा चिन्ह असेल तर कंस काढताना आतलं सगळं उलटं होतं. अधिकचं वजा, वजाचं अधिक. वर्षभर घसा फोडून सांगितलं. आणि या कार्ट्यांनी कंस तेवढा पुसलाय, आत सगळं जिथल्या तिथे."

"हं," लेखक म्हणाला. त्याने ऐकलं नव्हतं. खाली टॅक्सी येऊन थांबली होती आणि दाताच्या डॉक्टरांची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळालेली होती. "ऐक ना, माझं एक काम करशील? माझी फाईल उघडीच आहे. आजच्या भागातले कंस काढ आणि निर्मात्याला पाठव. मी दाढ काढून येतो, तोवर तू कंस काढ."

"सगळे?"

"सगळे. एकही दिसता कामा नये."

"साधे, चौकटी की महिरपी?"

"माझे साधेच असतात."

"कंसात कंस आहेत का कुठे? मग आतून बाहेर यावं लागतं."

दाढेने पुन्हा ठणका मारला. "बाई गं, आतून ये, बाहेरून ये, खिडकीतून ये. पण काढ."

"चिडतोस कशाला? पद्धत विचारली फक्त," असं म्हणत तिने पेपर बाजूला सारले आणि त्याच्या कॉम्प्युटरसमोर चष्मा पुसत बसली. खालून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, तेव्हा लेखक जिना उतरून गेला.

दाताचे डॉक्टर बोलके निघाले. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घालून गप्पा मारायची त्यांना सवय होती.

"काय करता आपण?"

"आँ."

"मालिका लिहिता? वा वा. आमच्या घरी बघतात. मला एक सांगा, ती सासू मरत का नाही?"

"आँ आँ."

"नाही, तुमचाही नाइलाज असेल म्हणा," डॉक्टर म्हणाले आणि दाढ उपटून बाहेर आली.

गालात कापसाचा बोळा बसवून त्यांनी लेखकाला बाहेरच्या बाकावर आणून सोडलं. बधिरपणा उतरेपर्यंत बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. लेखकाचा अर्धा चेहरा कोणी तरी उचलून नेल्यासारखा झाला होता. त्याने फोन उघडला. बायकोचा निरोप आलेला होता. 'काढले. पाठवलं. मजा आली.'

कंस काढले, हे ठीक. पाठवलं, हेही ठीक. पण मजा कसली आली? कंस गेल्यावर त्या भागात सासूचे सतरा टोमणे आणि सुनेचे हुंदके, याशिवाय काही उरायलाच नको होतं. लेखकाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने फाईल उघडली आणि पहिल्याच पानावर त्याच्या तोंडातला कापूस घशाकडे निघाला.

'सासू : उठते. उठते म्हणजे उठायचं ठरवते, गुडघ्यांची परवानगी यायला अजून वेळ आहे. सूनबाई, या घरात माझं ऐकतं कोण? हे ती कित्येक वर्षं विचारते आहे. सगळे ऐकतात. दुसरं काही करायची सोयच नाही.'

कंस एकही नव्हता. बायको कामाची चोख. सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण, दोन्ही तिने वेचून काढल्या होत्या. आतलं सगळं मात्र जसंच्या तसं, सासूच्या तोंडात.

मग त्याला शेवटचं पान आठवलं. ते उघडून बघायचंही त्याला सुचलं नाही. परवा वाहिनीने एक अख्खा प्रसंग बदलायला लावला, तेव्हा रागाच्या भरात त्याने तिथे, सुनेच्या रडण्याच्या जागी, एक आडवी रेघ मारून कंसात लिहून ठेवलं होतं : 'या रडण्यासाठी प्रेक्षक थांबतात असं मॅडमना वाटतं. चूक वाटतं. प्रेक्षक थांबत नाहीत, चहा टाकायला उठतात. मॅडमना मालिकेतलं काहीही कळत नाही.'

आज ते वाक्य सून बोलणार होती. मॅडमच्या समोर.

त्याने सेटवर फोन लावला. सहायक दिग्दर्शिकेने उचलला.

"शूतिंग थांहवा," लेखक म्हणाला. ओठ मिटतच नव्हते.

"कोण बोलतंय? मामा, तुम्ही? काय हवा?"

"थांहवा. थां... हवा."

"थंड हवा? एसी चालूच आहे मामा. मॅडम आल्यात ना, मगाशीच लावला. तुम्ही आराम करा." आणि तिने फोन बंद केला.

त्याने निर्मात्याला लिहून निरोप पाठवला, दिग्दर्शकाला पाठवला, थोरल्या बाईंनाही पाठवला. पण मॅडम आल्यामुळे सेटवर कडक शिस्त होती आणि सहायक दिग्दर्शिकेच्या फोनसकट सगळ्यांचे फोन तोवर एका टोपलीत जमा झाले होते. ती टोपली कोपऱ्यात पडल्या पडल्या नुसती थरथरत होती, असं नंतर स्पॉटवाल्याने सांगितलं. लेखकाने टॅक्सी धरली आणि ड्रायव्हरला तोंडाने सांगता येईना म्हणून हातवारे करून स्टुडिओ गाठला.

तुम्ही म्हणाल, सेटवरच्या एवढ्या शहाण्या माणसांना काहीच खटकलं नाही का? खटकलं ना. पण निर्मात्याने सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं की आजपासून नवी पद्धत, कागदावर आहे ते जसंच्या तसं बोलायचं, काना-मात्रा बदलायची नाही. त्यामुळे दिग्दर्शकाला वाटलं, निर्मात्याला माहीत असणार. निर्मात्याला वाटलं, मॅडमनीच असं काही तरी नवीन काढलं असणार. आणि मॅडमसमोर 'हे काय आहे' म्हणून विचारायची हिंमत कोणाला होती? मॅडम तर कानाला हेडफोन लावून, रुमाल तोंडावर दाबून पडद्यामागे मॉनिटरसमोर बसल्या होत्या.

लेखक आत शिरला तेव्हा प्रसंग अर्ध्यावर आला होता. सासूचं काम करणाऱ्या थोरल्या बाई गुडघ्यावर हात देऊन उभ्या होत्या. त्या या धंद्यातल्या जुन्या जाणत्या, कागदावरचा शब्द म्हणजे शब्द.

"संगीत वाढतं," थोरल्या बाई घुमवून म्हणाल्या. "वाढायला नको, पण वाढणार. दिग्दर्शकाला सांगणार कोण?"

हे म्हणताना त्यांनी दिग्दर्शकाकडे असं काही पाहिलं की हे वाक्य त्या बरीच वर्षं पोटात घेऊन फिरत असाव्यात असं वाटावं. दिग्दर्शकाने मान खाली घातली. कॅमेरामनचे खांदे हलत होते.

आता मुलाची पाळी. मुलाचं काम करणारा नट मालिकेच्या पहिल्या भागापासून सोफ्यावर बसून होता, आणि 'आई' आणि 'अगं' यापलीकडे त्याला कधी वाक्य मिळालेलं नव्हतं. तो हळूच उभा राहिला.

"मुलगा गप्प बसतो," तो म्हणाला. "या घरात गप्प बसणं ही त्याची पूर्णवेळ नोकरी आहे."

आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. मेकअपवाली बाईसुद्धा पदर शोधू लागली.

लेखकाने पडद्यामागे पाहिलं. मॅडमची पाठ गदगदत होती. रागाने, रडून की हसून, ते मागून कळायला मार्ग नव्हता. सुनेने शेवटचं पान मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली होती. तिच्या ओठांच्या हालचाली त्याला दिसत होत्या. आता विचार करायला वेळ नव्हता. तो वळसा घालून सेटच्या मागे गेला, कारण सुनेपर्यंत पोचायचा दुसरा रस्ताच नव्हता, आणि त्याने दिवाणखान्याचं खोटं दार ढकललं.

"दार उघडतं," नेमकं त्याच वेळी मुलगा म्हणाला. "या मालिकेत दार उघडलं की भला माणूस कधीच आत येत नाही."

दारात कंसमामा. एक गाल भोपळ्याएवढा, केस विस्कटलेले, ओठांच्या कोपऱ्यातून कापूस बाहेर डोकावतोय. दिग्दर्शकाने 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इतका बिनचूक प्रवेश त्याने आयुष्यात टिपला नव्हता.

"ओलू अका," लेखक सुनेकडे हात करून म्हणाला. "शेअतचं ओलू अका."

थोरल्या बाई काय अशा प्रसंगाला डगमगतात? "याचा जबडा गेलाय बिचाऱ्याचा," त्या कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "बाळा, याला जरा बसव." मुलाने लेखकाला दंडाला धरून सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं, आणि इतक्या वर्षांनी सोबत मिळाल्यासारखा त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

सून पुढे आली. डोळ्यांना पदर लावला. लेखकाने डोळे मिटले.

"या रडण्यासाठी प्रेक्षक थांबतात असं मॅडमना वाटतं," सून म्हणाली. "बरोबर वाटतं. प्रेक्षक थांबतात, चहा टाकायला उठत नाहीत. मॅडमना मालिकेतलं सगळं काही कळतं."

लेखकाने एक डोळा उघडला. आपण शुद्धीवर आहोत ना, की डॉक्टरांनी इंजेक्शन जरा जास्तच दिलं, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात सून हुंदका आवरून हसली, आणि शेजारचा मुलगा शेवटचं वाक्य बोलला. "सून हसते. ही हसली की घरात नवा बल्ब लावल्यासारखं होतं. नवरा तिला हे रोज सांगतो."

हेही लेखकाने असं लिहिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, नवरा तिला हे कधीच सांगत नाही.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. मॅडमनी हेडफोन काढले. डोळे पुसत त्या सरळ सोफ्यापाशी आल्या. हसून हसून त्यांचं काजळ गालांवर उतरलं होतं. लेखक उठून उभा राहिला. मुलगा हात सोडेना, म्हणून तोही उभा राहिला.

"मला वाटलं होतं, तुम्ही हट्टी असाल," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही कंस काढलेत. आणि किती फरक पडला बघा. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मला तुमचा आवाज ऐकू आला."

"आँ," लेखक म्हणाला.

"इतकं भारावून जायचं कारण नाही. ते माझ्याबद्दलचं वाक्य जरा जास्त झालं. पण खोटं नाही, ठेवा ते. उद्यापासून असंच लिहायचं. फक्त मधेमधे ते संवाद येतात ना, ते थोडे कमी करा. खटकतात."

"मीच सांगितलं होतं, राजा, कंस काढ म्हणून," निर्माता लेखकाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. हा राजा मात्र प्रेमाचा होता. "आणि मॅडम, त्या नव्या मुलाचं काय करायचं?"

"त्याला आधी कंस लिहायला शिकवा," मॅडम म्हणाल्या. "मग काढता येतील."

लेखक घरी पोचला तेव्हा बायको पुन्हा उत्तरपत्रिकांवर वाकली होती. ढीग बराच कमी झाला होता. त्याचा बधिरपणा उतरू लागला होता, पण ओठ अजून पूर्ण ताब्यात आलेले नव्हते.

"आतलं शगलं काधायचं ओतं," तो खुर्चीत बसत म्हणाला.

"आतलं?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "कंस काढायचा म्हणून कोणी आतलं फेकून देतं का? कुठल्या शाळेत शिकलास तू? मला वाटलं, मालिकेत माणसं असंच बोलत असतील. मी कुठे बघते? पण वाचताना मजा आली. इतकं सगळं बोलतोस तू? घरात तर 'हं'च्या पुढे जात नाहीस."

त्याने फोनवर शेवटचं पान काढून तिच्यापुढे धरलं आणि मॅडमच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"त्याच्याआधी वजा होतं," ती म्हणाली. "चांगली लांबलचक रेघ मारून ठेवली होतीस. कंसाआधी वजा असेल तर आतलं सगळं उलटं होतं. सकाळीच सांगितलं होतं तुला."

"ती लेघ श्वाश आहे."

"श्वास असेल तुझा. मी नियमाने गेले, म्हणून तुझी नोकरी राहिली." हे सांगताना तिचा चेहरा इतका निष्पाप होता की नियम किती आणि धूर्तपणा किती, हे लेखकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्याने बोट खाली सरकवलं. बल्बच्या वाक्यावर आणलं. आपलं मूळ लिखाण त्याला लख्ख आठवत होतं. इथे त्याने रेघ मारलीच नव्हती. कारण इथे झोंबणारं काही नव्हतं. निदान त्याला तसं वाटलं होतं.

"इथे अजा नअतं," तो म्हणाला.

तिने पुढचा पेपर ओढला. लाल पेनाचं टोपण काढलं.

"नव्हतं," ती म्हणाली. "ते मी घातलं."

"का?"

"उत्तर चुकत होतं म्हणून."

लेखकाला एकदम अपराधी वाटलं, आणि त्याहून जास्त, आपण पकडले गेलो याचं बरं वाटलं. त्याने गालातला कापूस काढून रुमालात गुंडाळला. आज इतक्या लोकांनी त्याचा आवाज ऐकला होता आणि जिच्यासाठी ते वाक्य होतं तिला ते फाईलमध्ये शोधावं लागलं होतं.

"ऊ हशलीश की," तो म्हणाला, "घलात नआ अल्अ लावल्याशालखं ओतं."

तिने मान वर केली नाही. "काही कळलं नाही. परत सांग."

त्याने परत सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. वाक्य निम्म्यापर्यंत आलं आणि बल्बवर घसरलं.

"परत," ती पेपरवरची नजर न काढता म्हणाली.

तिसऱ्या वेळेला बल्बमधले दोन्ही ब स्वच्छ आले. तेव्हा ती हसली, आणि हसण्याच्या नादात समोरच्या पोराच्या धडधडीत चुकलेल्या गणितावर बरोबरची खूण करून बसली.